पाऊण तासाचा उजेड

मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजताना नाही. ऋतूप्रमाणे साडेबाराच्या थोडा अलीकडे किंवा थोडा पलीकडे येतो. आपलं घड्याळ मिर्झापूरकडच्या रेखांशावर लावलेलं आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून हा फरक. हे मला फोटोग्राफीच्या वर्गात कुणी सांगितलं नाही. धारावीतल्या एका बोळात तांदूळ निवडायला बसणाऱ्या बायकांकडून ते कळलं.

तो बोळ चार फूट रुंद आहे. दोन्ही बाजूंना खाली एक खोली, वर माळा, माळ्यावर जायला बाहेरून लोखंडी शिडी. वरचे पत्रे दोन्हीकडून इतके पुढे आलेत की मधे आभाळाची दीड-दोन वितींची फट उरते. दिवसभर आत संध्याकाळच असते, घराघरांत ट्यूबलाइट चालू. बारा वाजून गेले की पश्चिमेकडच्या भिंतीवर उन्हाची एक रेघ उमटते. ती हळूहळू खाली उतरते, फरशीवर येते, समोरच्या भिंतीवर चढते आणि संपते. सगळं मिळून पाऊण तास. त्या पाऊण तासात दारादारांत माणसं येऊन बसतात. कुणी सुईत दोरा ओवतं, कुणी लेकीच्या डोक्यातल्या उवा बघतं, कुणी डाळीतले खडे वेचतं. म्हातारे आजोबा औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचून घेतात. ज्या कामाला डोळे लागतात ती सगळी कामं त्या वेळेसाठी राखून ठेवलेली असतात.

आणि मी पहिले तीन महिने तिथे सकाळी नाहीतर संध्याकाळी जात होते. कारण वर्गात शिकवलं होतं की दुपारचं ऊन फोटोला वाईट.

मी चेंबूरला राहते, एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून रविवारी हार्बरने कुर्ला आणि तिथून गाडी बदलून सायन, असं जायला लागले. धारावी सायन आणि माहीम या दोन स्टेशनांच्या मधे, मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या बेचक्यात पसरली आहे. लहानपणापासून मी ती गाडीच्या खिडकीतून पाहिलेली. पत्र्यांवर टाकलेल्या निळ्या ताडपत्र्या, वर ठेवलेले टायर, डिश अँटेना. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. गळ्यात सेकंडहँड कॅमेरा आणि त्यावर लांबचं ओढून आणणारी झूम लेन्स. ती लेन्स का घेतली याचं खरं कारण आज सांगता येतं. मला माणसांच्या जवळ जायची भीती वाटत होती.

त्या तीन महिन्यांत मी चौदाशेच्या आसपास फोटो काढले. आता ते एकत्र पाहिले की जवळपास सगळ्यांत पाठी दिसतात, नाहीतर गटार, नाहीतर उघडी पोरं. फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट. गरिबी काळ्या-पांढऱ्यात गंभीर दिसते असं माझं मत होतं आणि ते माझंच आहे असंही मी समजत होते.

त्यातला एक फोटो मी एका फोटो-क्लबच्या स्पर्धेला पाठवला. गटाराच्या कडेला उकिडवा बसलेला सहा-सात वर्षांचा मुलगा, उघडा, गालाला माती, हातात चाक निखळलेली प्लास्टिकची गाडी. त्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्यातल्या वेदनेचं कौतुक केलं. मी खूश होऊन फोटोची मोठी प्रत काढली आणि पुढच्या रविवारी त्या मुलाचं घर शोधत गेले. घर सापडलं, त्याच चार फुटी बोळात. आई दारात भांडी घासत होती. सोलापूरकडची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. हात पुसून तिने फोटो घेतला. बराच वेळ पाहिला.

"हा रविवारचा का, ताई?"

"हो."

"किती वाजता?"

"दहा असतील."

"रविवारी अकराला डोक्यावरनं अंघोळ घालते मी त्याला. शाळेच्या दिवशी जमत नाही. तासभर थांबला असता, न्हाईतर नुसती हाक मारली असती तर लवकर घातली असती की. नवा शर्ट हाय त्याच्याकडं." मग फोटो पुन्हा पाहिला. "आता ह्यो मी कुठं लावू?"

ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फोटो माझ्या हातात परत दिला, उलटा करून, आणि चहा ठेवला. बक्षिसाचं मी त्या दिवशी बोलूच शकले नाही. तीन आठवड्यांनी बोलले. मधल्या काळात क्लबला फोन करून तो फोटो मागे घ्यायची विनंती केली, पण तो त्यांच्या वार्षिक कॅलेंडरमध्ये छापून झाला होता आणि प्रती वाटून झाल्या होत्या. आयोजकांना माझी अडचण कळली नाही. फोटो रस्त्यावर काढलाय, कायद्याने चालतं, असं ते म्हणत राहिले. कुणाच्या तरी घरात तो मुलगा महिनाभर भिंतीवर तसाच बसला असणार. ते अजून मनातून जात नाही.

त्यानंतरचे चार रविवार मी कॅमेरा घरी ठेवून गेले. ९० फुटी रस्त्यावरून आत वळलं की कुंभारवाडा लागतो. सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं १९३० च्या दशकापासून इथे आहेत. घरं लांबट, पुढे राहणं आणि लगत चाक, माती, सुकत घातलेले माठ. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत सामाईक भट्ट्या, त्यात कापसाचा कचरा आणि चिंध्या जाळतात. भट्टी लागली की धूर सगळ्या वाडीत भरतो, डोळे चुरचुरतात. मी एका बांकडे, म्हणजे गुजराती आजींकडे, पणत्या घ्यायला गेले आणि बसलेच. त्या गेरूने माठावर पट्टे ओढत होत्या. मी काही विचारत नव्हते, त्याही काही विचारत नव्हत्या. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "बेन, वो कॅमेरावाली तूही थी ना? लाती क्यों नहीं?"

कॅमेरा पुन्हा आला तो नवी सवय घेऊन आला. झूम लेन्स विकून टाकली आणि २३ मिलिमीटरची एकच छोटी लेन्स ठेवली. त्या लेन्सने चेहरा हवा असेल तर हातभर अंतरावर जावं लागतं आणि एवढं जवळ न बोलता जाताच येत नाही. दुसरी गोष्ट, आधी त्यांचा फोटो, मग माझा. त्यांचा म्हणजे त्यांना हवा तसा: ताठ उभं राहून, केस विंचरून, फ्रिजच्या शेजारी, कधी हातात नवा मोबाइल, नवरा-बायकोमध्ये हातभर अंतर. सुरुवातीला मला हे फोटो कंटाळवाणे वाटायचे. हळूहळू मला त्यात काय काय आहे ते दिसू लागलं. कुठली साडी निवडली, कुठली भिंत पाठीमागे घेतली, कुणाला मधे उभं केलं, काय आडोशाला सारलं. एक बाई दर वेळी मोरीवरचा पडदा ओढून घेते आणि स्टीलच्या डब्यांची मांडणी मात्र पूर्ण दिसलीच पाहिजे म्हणते. डबे तिने चोवीस वर्षांत एकेक करून जमवलेत.

फोटो छापायचे ९० फुटी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत, चार बाय सहा. पुढच्या रविवारी घरोघर वाटायचे. ही वाटणी माझ्या कामाचा अर्धा भाग झाली. फोटो देताना दार उघडतं, चहा होतो, शेजारीण डोकावते, "आमचा कधी?" म्हणते. आणि फोटो पुढे कुठे जातो तेही कळतं. शोकेसच्या काचेत, मोबाइलच्या कव्हरमागे, गावाकडे सासूला. एका मुलीने स्वतःच्या फोटोतून शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाला कात्रीने नीट कापून काढलं होतं. बांचे मी दोन फोटो नेले होते. एकात त्या मनापासून हसत होत्या, दुसऱ्यात डोक्यावर पदर आणि चेहरा गंभीर. हसरा मला फार आवडला होता. त्यांनी दुसरा घेतला. "ऊपर लगाने का है. मेरे बाद. हँसती हुई लगाएँगे तो लोग क्या बोलेंगे?" हसरा मला ठेवायला दिला. तो माझ्या टेबलावर आहे.

आता उजेडाबद्दल, कारण मला खरं शिकायला मिळालं ते त्यात.

अशा बोळात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो. चौकटीत वरची आभाळाची फट आली की तो तिच्यावर विश्वास ठेवतो आणि खाली बसलेल्या माणसाचा चेहरा काळा करून टाकतो. आपल्याकडचे सावळे चेहरे तर त्यात पार बुडतात. माझ्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंतली ती 'गंभीर' काळोखी बरीचशी अशी आलेली होती. मीटर चुकला होता आणि मी त्याला शैली म्हणत होते. आता मी फट चौकटीबाहेर ठेवते, मीटर गालावर लावते, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, सोळाशे किंवा बत्तीसशे, आणि उन्हाचा पट्टा जळून पांढरा झाला तरी चालेल असं ठरवते. पण खरी गंमत पट्ट्यात नाहीच. ऊन फरशीवर उतरतं तेव्हा फरशी बहुधा ओली असते, कारण सकाळचं पाणी भरून झालेलं असतं, बोळ धुतलेला असतो. त्या ओल्या फरशीवरून आणि समोरच्या भिंतीवरून उजेड उलटा वर येतो, हनुवटीखालून, अगदी मऊ. पट्ट्याच्या शेजारी, सावलीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो पडतो. भिंत गुलाबी असेल तर चेहऱ्यावर गुलाबी झाक, पिस्ता असेल तर हिरवट. बायका बसतात त्याच जागी. उन्हात नाही, उन्हाच्या कडेला. उन्हात बसलं तर डोळे दिपतात आणि तांदळातला खडा दिसत नाही.

म्हणून मी ब्लॅक अँड व्हाइट सोडलं. धारावीत घरांच्या भिंती गुलाबी, आकाशी, पिस्ता, मोरपिशी असतात. दिवाळीला लोक पुन्हा रंगवतात. दारापुढे रांगोळी असते, पाण्याच्या निळ्या पिंपांवर झाकण म्हणून स्टीलची परात असते. हा रंग त्यांनी स्वतःच्या पैशाने आणि मेहनतीने लावलेला आहे. तो काढून टाकायचा मला काय अधिकार? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये उत्तम काम करणारे लोक आहेत, मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो पाहूनच मला या वाटेला जावंसं वाटलं. पण ते वर्षानुवर्षं त्या माणसांबरोबर राहिले. रंग गेला तरी माणूस राहतो, तो त्या सहवासामुळे. मी गाडीतून उतरून तासाभरात परतणारी होते.

२०२४ च्या मे महिन्याच्या मध्याला मी एक दिवस रजा टाकली. मुंबईत वर्षातून दोनदा सूर्य अगदी नेमका डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैत ढग असतात, म्हणून मे. माझ्या डोक्यात एक आडवा बोळ होता, पूर्व-पश्चिम जाणारा. तिथे हिवाळ्यात ऊन जमिनीला लागतच नाही, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि भिंत आडवी येते. मेमध्ये मात्र तिथे थेट वरून ऊन पडतं. साडेबाराला मी तिथे पोचले तर बोळभर पापड वाळत घातलेले. उपड्या टोपल्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चालायला पाऊलभर वाट. एरवी पापड गच्चीवर नाहीतर रस्त्याच्या कडेला घालतात. या बायकांना शून्य सावलीचं नाव माहीत नव्हतं, पण मेच्या या आठवड्यांत आपल्या दारात ऊन येतं हे पक्कं माहीत होतं. हँडपंपाच्या दांड्याची सावली दांड्याच्या पायाशी गोळा झालेली. पापडांचा उजेड खालून सगळ्यांच्या चेहऱ्यांवर. मी बारा फोटो काढले. त्यातले चार अजूनही मला माझे सर्वांत चांगले वाटतात.

पण ते वर्ष धारावीत उन्हापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं होतं. मार्चमध्ये पुनर्विकासासाठी घराघरांचं सर्वेक्षण सुरू झालं. हातात यंत्र घेऊन माणसं बोळात फिरायला लागली, दारांवर क्रमांक पडायला लागले. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचा अर्थ एका रात्रीत बदलला. दीड वर्ष ओळखणाऱ्यांच्या शेजारची माणसं विचारू लागली, "सर्वेवाली है क्या? किसके तरफ से?" दोन बोळांत मला परत पाठवलं. मी गेले. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा हवा, खालची खोली की माळा, घर इथेच मिळणार की बाहेर कुठेतरी, या प्रश्नांवर ज्यांचं सगळं आयुष्य अडकलंय त्यांनी अनोळखी कॅमेऱ्याला हसून उभं राहावं ही अपेक्षाच चुकीची.

त्या दिवसांत मला जेकब रीस सारखा आठवायचा. न्यूयॉर्कचा हा पत्रकार, मूळचा डेन्मार्कचा. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो रात्री गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरायचा आणि पेटत्या मॅग्नेशियम भुकटीच्या लखलखाटात फोटो काढायचा. झोपेतून दचकलेले चेहरे त्यात आहेत. त्या फोटोंनी शहराला हलवलं, घरांच्या कायद्यांना जोर आला, हे खरं आहे. मलबेरी बेंड नावाची वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली, हेही खरं आहे. वाचताना मी त्या बागेपाशी अडखळते. फोटोत नुसती घाण दिसली की पाहणाऱ्याला ती जागा पुसून टाकणंच योग्य वाटू लागतं. तिथे कुणी चोवीस वर्षांत डबे जमवलेत, कुणी दिवाळीला भिंत पिस्ता रंगात रंगवलीय, हे चौकटीत नसेल तर पाडणाऱ्याला काही पाडतोय असं वाटतही नाही. माझा बक्षिसाचा फोटो याच कामाला आला असता. धारावीतली घरं सुधारायला हवीत. शौचालयाची रांग, पावसात तुंबणारी नाली, यांचं कौतुक करायचं काहीच कारण नाही आणि तिथली माणसंही करत नाहीत. पण घाणीचा फोटो काढताना मी आता त्याच दिवशी त्याच घरातला ओटा, मांडणी आणि देव्हाराही काढते आणि दोन्ही फोटो एकमेकांपासून वेगळे कुणालाही देत नाही. एका मासिकाने फक्त नालीचा मागितला होता. दिला नाही.

सर्वेक्षणाचा क्रमांक पडल्यानंतर महिन्याभराने त्या सोलापूरकडच्या बाईचा फोन आला. पहिल्यांदाच तिने स्वतःहून बोलावलं होतं.

"ताई, घराचा फोटो काढायचाय. माणसांचा न्हाई, घराचा. सगळा. कुठं धाडतील काय माहीत."

मी गेले. तिने मला एकेक जागा दाखवली आणि मी कॅमेरा लावला. ओटा. मोरी. माळ्यावर जायची शिडी, तिसरी पायरी वाकलेली, थोरला त्यावरून पडला होता तेव्हाची. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आखलेल्या मुलांच्या उंचीच्या रेघा, शेजारी तारखा. कोनाड्यातला खंडोबा. कुठल्या गोष्टीला किती वेळ द्यायचा, कुठे उभं राहायचं, हे तीच सांगत होती. शेवटी म्हणाली, "आता बाहेरनं. दारात सगळी बसलेली."

धाकटा आतून आला. नवा शर्ट, केसांना तेल, भांग पाडलेला. आता तो चौथीत आहे. गटाराच्या कडेचा फोटो त्याला आठवत नाही, त्याला मी फक्त फोटोवाली मावशी. चौघं उंबऱ्याच्या आतबाहेर बसली. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिने हात वर केला.

"थांबा हो. ऊन अजून पत्र्यावर हाय. फरशीवर येऊ द्या."

मी कॅमेरा खाली घेतला. समोरच्या शेजारणीने सूप घेऊन बाहेर बसायला सुरुवात केली होती. बारा पस्तीस झाले होते. आईने पोराचा भांग पुन्हा एकदा नीट केला आणि आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसलो.